फुरसतीचा मालक कोण?

१० जून १८९० या दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांचे सहकारी १८८४ पासून त्यासाठी सभा घेत होते, अर्ज करीत होते, हजारो कामगारांच्या सह्या आणि अंगठे गोळा करीत होते. ही मागणी केवळ थकलेल्या शरीराला विश्रांती मिळावी एवढ्यापुरती नव्हती. आठवड्यातला एक दिवस तरी मनुष्याचा स्वतःचा असावा, त्या दिवशी त्याने वाचावे, बोलावे, चार माणसांत मिसळावे, खेळावे, हा तिचा गाभा होता. फुरसत ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व महाराष्ट्राने इतक्या आधी उच्चारले. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर मात्र एक निराळाच प्रश्न उभा राहिला आहे. मिळवलेली ती फुरसत आज खर्च कोठे होते, आणि तिच्यातून नफा कोण कमावतो?

सातपूरच्या किंवा अंबडच्या कारखान्यातून पाळी संपवून परतणारा कंत्राटी कामगार, निफाडकडच्या द्राक्षबागेतून घरी आलेला तरुण, महाविद्यालयाबाहेर घोळक्याने उभी असलेली मुले, या सर्वांच्या हातात एकच वस्तू दिसते. त्या मोबाइलच्या पडद्यावर ते काय करतात याची विचारपूस चळवळीने क्वचितच केली. सिनेमा, नाटक, तमाशा, लोकगीते यांवर पुरोगामी चळवळीने भरपूर विचार केला. शाहिरांनी आणि कलापथकांनी ती साधने आपलीशी केली. संगणकावरील खेळ मात्र ‘श्रीमंतांच्या पोरांचा नाद’ म्हणून बाजूला सारले गेले. परिणाम असा झाला की ज्या मैदानात कोट्यवधी तरुण रोज उतरतात, ते मैदान जुगाराचे ठेकेदार आणि बहुराष्ट्रीय कंपन्या यांना आंदण मिळाले.

जुगाराचा अनुभव ताजा आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात विधिमंडळाच्या सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप तत्कालीन कृषिमंत्री आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे यांच्यावर झाला. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेले ते बंद करीत होतो, असा खुलासा त्यांनी केला. महिनाअखेर त्यांचे कृषिखाते गेले आणि त्यांना क्रीडा व युवक कल्याण हे खाते मिळाले! या प्रसंगावर विनोद पुष्कळ झाले. पण त्यामागचे अर्थकारण विनोदाचे नव्हते. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ सालच्या निर्णयाच्या आडोशाने पैशाच्या डावांचा प्रचंड धंदा उभा राहिला. १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने त्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर लावला. म्हणजे गरिबाच्या हरण्यात शासनही वाटेकरी झाले. अखेर संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळवले जाणारे ऑनलाइन डाव त्याने बंद केले; असे डाव चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला; खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेवली नाही. विधेयक मांडताना सरकारी गोटातून सांगितला गेलेला अंदाज असा होता की सुमारे ४५ कोटी लोक या डावांत वर्षाकाठी २० हजार कोटींच्या आसपास रक्कम गमावतात. कायद्याला न्यायालयांत आव्हान दिले गेले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु एक गोष्ट स्पष्ट आहे. बंदीने दुकान बंद होते, भूक बंद होत नाही. खेळण्याची ओढ माणसात मुळातच आहे. तिला चांगले अन्न मिळाले नाही तर ती पुन्हा नासक्या अन्नाकडे वळेल.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. संगणकावरील खेळांचे आज ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला उघड जुगाराचा. दुसरा बड्या कंपन्यांचा. त्यात एकीकडे तीन ते पाच हजार रुपये किंमतीचे भपकेबाज खेळ येतात, तर दुसरीकडे ‘फुकट’ म्हणून दिले जाणारे आणि मग पावलोपावली शंभर-दोनशे रुपये उकळणारे खेळ येतात. या दुसऱ्या पोटप्रकारात ग्राहकाकडून वस्तूची किंमत घेतली जात नाही. त्याची अधीरता विकत घेतली जाते. तिसरा प्रकार स्वतंत्र निर्मात्यांचा. एक व्यक्ती किंवा पाच-दहा जणांचा गट स्वतःच्या कल्पनेने, कोणा बड्या कंपनीच्या आज्ञेविना खेळ रचतो. तो एकदा काही शे रुपयांत घ्यावा, पुढे एक पैसाही देऊ नये, आणि खेळून संपला की पुस्तकासारखा मिटून ठेवावा. वाङ्मयात जे स्थान लघुनियतकालिकांचे, रंगभूमीवर जे प्रायोगिक नाटकाचे, तेच या क्षेत्रात या खेळांचे आहे.

खेळातून विचार जातो, ही कल्पना मराठी माणसाला नवी वाटू नये. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला गेलेला मोक्षपट हा शिडी आणि साप यांच्या साह्याने पाप-पुण्याची शिकवण देणारा खेळ होता. इंग्रजांनी तो उचलला, त्यातील अध्यात्म गळाले आणि निव्वळ सापशिडी उरली. याहून बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाची अनुयायी एलिझाबेथ मॅगी हिने जमीनदारी कशी लुबाडते हे लोकांना समजावे म्हणून १९०४ मध्ये एका पटाचे स्वामित्वहक्क मिळवले. त्या पटाला तिने दोन नियमावल्या दिल्या होत्या. एकीत संपत्ती निर्माण झाली की सर्वांना लाभ व्हावा, दुसरीत एकाने बाकीच्यांना भिकेला लावावे. १९३५ मध्ये एका कंपनीने तिचा हक्क अवघ्या ५०० डॉलरना विकत घेतला, पहिली नियमावली विस्मृतीत गेली आणि दुसरी ‘मोनोपॉली’ या नावाने जगभर गाजली. आपल्याकडे घरोघरी मुले ‘व्यापार’ म्हणून खेळतात तो तिचाच अवतार. मक्तेदारीचा निषेध करण्यासाठी जन्मलेला खेळ मक्तेदारीची दीक्षा देऊ लागला! खेळाच्या साधनाची मालकी ज्याच्याकडे, त्याच्या हाती खेळाचा अर्थही जातो, हा यातला धडा.

राज्यसंस्थेची मालकी हा त्यावर उतारा होता काय? ‘टेट्रिस’ची कथा त्याचे उत्तर देते. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये हा खेळ रचला. त्याचे हक्क सोव्हिएत शासनाच्या संस्थेने परदेशी कंपन्यांना विकले; खेळाने अमाप पैसा मिळवला, आणि प्रत्यक्ष निर्मात्याला त्याच्या हक्काची कमाई १९९६ मध्ये जाऊन मिळू लागली. भांडवलदार असो वा नोकरशाही, निर्मात्याच्या डोक्यावर बसलेला मालक त्याच्या श्रमाचे फळ खातो. लोकशाही समाजवादाने निर्मात्याच्या स्वातंत्र्याचा आणि सहकाराचा आग्रह धरला, तो यासाठीच.

आता प्रत्यक्ष खेळांकडे वळू. ज्यांचा या क्षेत्राशी परिचय नाही अशा कार्यकर्त्यांनी आरंभ कोठून करावा?

पहिला खेळ लुकास पोप या एकट्या माणसाने रचलेला, २०१३ सालचा ‘पेपर्स, प्लीज’. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर खेळणारा कारकून होतो. येणाऱ्या प्रत्येकाचे कागद तपासायचे, शिक्का मारायचा, चूक झाली की पगार कापला जातो आणि घरी मूल आजारी आहे. नवऱ्याचे कागद बरोबर, पत्नीचे अपुरे. तिला आत सोडायचे की परत पाठवायचे? नोकरशाहीतला सामान्य, भला माणूस अन्यायाचा हस्तक कसा बनतो, हे दहा व्याख्यानांनी पटणार नाही इतके हा खेळ एका संध्याकाळी पटवून देतो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, सातबारा यांसाठी खिडकीपुढे तिष्ठणाऱ्या देशात त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा, वॉर्सा येथील ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’चा २०१४ सालचा ‘धिस वॉर ऑफ माइन’. बहुतेक युद्धखेळांत खेळणारा सैनिक असतो. येथे तो वेढा पडलेल्या शहरातला सामान्य नागरिक आहे. मागे सारायेव्होच्या वेढ्याची आठवण आहे. औषध हवे तर ते दुसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून चोरावे लागते, आणि चोरल्यावर आपल्याच माणसाचे मन खचते. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने शालेय शिफारस-यादीत हा खेळ घालण्याची घोषणा केली. युद्धज्वराच्या काळात शांततावादाचे याहून परिणामकारक पाठ्यपुस्तक मिळणे कठीण.

तिसरा खेळ नाशिकच्या वाचकाला विशेष जवळचा वाटेल. तो शेतीचा आहे. एरिक बॅरोन या तरुणाने चारएक वर्षे एकट्याने राबून २०१६ मध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’ प्रसिद्ध केला. संगीत, चित्रे, कथा सर्व त्याचीच. डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. कंपनीच्या कचेरीतली नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर आलेल्या माणसाची ही गोष्ट. गावातील जुने सामुदायिक सभागृह पुन्हा उभारायचे की ते एका बड्या कंपनीच्या गोदामाला द्यायचे, हा त्यातला निर्णय खेळणाऱ्याच्या हाती आहे. खेळ गोड आहे, आणि म्हणूनच त्यातील एक उणीव ध्यानात घेण्याजोगी आहे. या शेतात कितीही माल पिकवून विकला तरी भाव पडत नाही! पेटीत टाकलेल्या भाजीला ठरलेली किंमत मिळतेच. लासलगावच्या बाजार आवारात कांद्याची गाडी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हे स्वर्गातले अर्थशास्त्र वाटेल. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यात बंद केली आणि मे २०२४ पर्यंत ती बंदच राहिली, त्या काळात भाव कसा कोसळतो, चाळीतला कांदा कसा सडतो, व्यापारी वाट का पाहतो, हे त्या खेळाला ठाऊक नाही. ते ठाऊक असलेला खेळ लासलगाव-पिंपळगावच्या मुलांनीच रचावा लागेल. त्याचा विचार पुढे येतो.

चौथा ‘डिस्को एलिसियम’, एस्टोनियातील मंडळींनी २०१९ मध्ये केलेला. फसलेल्या क्रांतीनंतरच्या एका बंदरात, संपावर गेलेल्या गोदी कामगारांच्या वस्तीत एका खुनाचा तपास करायचा असतो. खेळ जवळजवळ कादंबरीसारखा वाचायचा आहे. डाव्यांच्या स्वप्नांवर आणि भाबडेपणावर तो सारख्याच प्रेमाने बोट ठेवतो. त्या वर्षीचे पुरस्कार स्वीकारताना निर्मात्यांनी मार्क्स आणि एंगेल्स यांचे आभार मानले होते. पुढची कथा मात्र खेळाइतकीच कडू आहे. एका सांस्कृतिक गटातून उभ्या राहिलेल्या या कंपनीचा ताबा गुंतवणूकदारांकडे गेला आणि २०२२ पर्यंत प्रमुख निर्माते बाहेर पडलेले होते. आपले काम आपल्यापासून हिरावले गेले असे निर्माते म्हणतात, कंपनी ते नाकारते. वाद कोणाच्या बाजूने सुटेल तो सुटो. सहकारी मालकीचा कागद आधी पक्का न करता केवळ मैत्रीवर संस्था चालवली की काय होते, हे सहकाराच्या महाराष्ट्राला सांगावे लागू नये.

आपल्या भूमीतही हे काम चालू आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या गटाने ‘राजी’ हा खेळ केला. भावाला सोडवायला निघालेल्या एका डोंबाऱ्याच्या पोरीची ही कथा, पहाडी लघुचित्रांच्या वळणाने रंगवलेली. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. तरी गट टिकून राहिला आणि २०२० मध्ये खेळ जगापुढे आला, आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोचला. गुजरातेत, वापीजवळच्या चला या गावी ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’ वसाहतकाळाच्या इतिहासावर आणि साहित्यावर लहान लहान खेळ रचतो. त्यांतले कित्येक मोफत आहेत. कोलकात्याच्या छायाचित्रकार लीना केजरीवाल यांनी मुलींच्या व्यापाराविरुद्ध ‘मिसिंग’ हा मोबाइलवरचा मोफत खेळ २०१६ मध्ये आणला.

स्वस्ताईचे अर्थशास्त्रही समजून घेतले पाहिजे. खेळाची पहिली प्रत करायला वर्षे लागतात; दुसरी प्रत करायला जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणूनच तो वर्षातून अनेकदा निम्म्या वा त्याहून कमी किंमतीत विकणे परवडते, आणि सवलतीची वाट पाहणाऱ्या माणसाला शे-दोनशे रुपयांत उत्तम खेळ मिळतो. पण खेळणारा देतो ते पैसे निर्मात्याला पोचतात काय? ‘स्टीम’ हा सर्वांत मोठा विक्रीमंच साधारणपणे शंभरातले तीस रुपये स्वतःकडे ठेवतो. विशेष म्हणजे विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेली की हा वाटा पंचवीस आणि ५ कोटींच्या वर गेली की वीस टक्क्यांवर येतो. म्हणजे मोठ्याला सूट आणि छोट्यावर पूर्ण भार! आडत्याची ही रीत नाशिकच्या शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. याउलट ‘इच’ या नावाच्या मंचावर वाटा किती द्यायचा हे निर्माता स्वतः ठरवतो. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर याच मंचावरील निर्मात्यांनी आपली हजाराहून अधिक कामे किमान ५ डॉलरमध्ये एकत्र विकली आणि वंशभेदविरोधी कार्यासाठी ८० लाख डॉलरहून अधिक निधी जमवला. शक्य तेथे निर्मात्याला अधिक वाटा मिळेल अशा ठिकाणाहून खरेदी करणे, हा ग्राहक म्हणून घेता येणारा छोटा पण खरा निर्णय आहे. चोरीची प्रत घेऊन ‘भांडवलशाहीला चपराक’ दिल्याचे समाधान मानणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की स्वतंत्र निर्मात्याच्या बाबतीत ती चपराक श्रमिकाच्याच गालावर बसते.

आक्षेप येतील. पहिला व्यसनाचा. तो खोटा नाही. पण व्यसन लावणारी रचना मुख्यतः जुगारात आणि ‘फुकट’ खेळांत हेतुपुरस्सर घातलेली असते. ज्या खेळाला शेवट आहे आणि ज्याचे पैसे एकदाच घेतले गेले आहेत, त्याला खेळणाऱ्याला अडकवून ठेवण्यात नफा नसतो. तरीही दिवसाला तास ठरवून घेणे आणि वयाचा निकष पाळणे आवश्यकच; ‘धिस वॉर ऑफ माइन’ किंवा ‘डिस्को एलिसियम’ लहान मुलांसाठी नाहीत. दुसरा आक्षेप, गरिबाकडे संगणक कोठे? वर सांगितलेल्यांपैकी पहिले तीन खेळ मोबाइलवरही मिळतात, आणि संगणकावर खेळायचे तरी जुन्या, साध्या यंत्रावर भागते. खरी अडचण भाषेची आहे. यांतील बहुतेक खेळ इंग्रजी जाणणाऱ्यालाच खुले आहेत. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: महागाई, बेकारी, कंत्राटी राबणूक हे प्रश्न असताना पक्षाने खेळांवर वेळ का घालवावा? याचे उत्तर लोखंड्यांनी देऊन ठेवले आहे. भाकरीचा लढा आणि फुरसतीचा लढा त्यांनी वेगळे मानले नाहीत.

मग करावे काय? नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. पुस्तक विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी समाजाने एकत्र येऊन ते विकत घ्यावे, ही कल्पना त्यामागे होती. तीच कल्पना खेळांना का लागू नये? जिल्ह्यातील वाचनालयांत, कामगार वस्त्यांच्या समाजमंदिरांत दोन-तीन साधे संगणक आणि निवडक खेळ ठेवता येतील. त्यासाठी निर्मात्यांची लेखी परवानगी घ्यावी. व्यक्तीला दिलेला परवाना संस्थेला आपोआप लागू होत नाही. मुलांसाठी ‘लुआंटी’ हा मुक्त परवान्याचा खेळ आहे. पूर्वी त्याचे नाव ‘माइनटेस्ट’ होते. त्यात ठोकळ्यांचे जग रचता येते, आणि त्याला कोणाच्या परवानगीची वा पैशाची गरज नाही. एक खेळ सर्वांनी मिळून खेळावा आणि मग त्यावर चर्चा व्हावी, असे अभ्यासवर्ग युवक शाखांनी घ्यावेत.

पण केवळ खेळणे पुरेसे नाही, रचले पाहिजे. ‘ट्वाइन’ हे साधन मोफत आहे, त्यात शाखायुक्त गोष्ट मराठीत लिहिता येते, आणि त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. पुढची पायरी गाठायची तर ‘गोडो’ हे मूळ अर्जेंटिनातील दोघांनी घडवलेले आणि २०१४ पासून सर्वांना खुले झालेले यंत्र आहे. खुल्या साधनाचे मोल २०२३ मध्ये कळले. ‘युनिटी’ या खाजगी कंपनीने खेळ जितक्यांदा उतरवला जाईल तितके शुल्क आकारण्याची घोषणा केली, जगभरच्या छोट्या निर्मात्यांत हाहाकार उडाला, आणि वर्षभराने ती कल्पना मागे घ्यावी लागली. उत्पादनाचे साधन दुसऱ्याच्या मालकीचे असले की भाडे केव्हाही वाढते! १९८९ पासून नाशकात असलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने मराठी माध्यमातून खेळरचनेचा स्वस्त अभ्यासक्रम चालवावा, अशी मागणी झाली पाहिजे. राज्य शासनाने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, खेळ आदी क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केले आहे. त्यातील पैसा केवळ मुंबई-पुण्याच्या बड्या उद्यानांकडे न जाता पाच-सहा तरुणांच्या सहकारी गटांकडे आणि मराठी भाषांतराकडे वळतो की नाही, यावर लक्ष ठेवणे हे आमदारांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे.

हे अशक्य वाटत असेल त्यांनी या जिल्ह्याचाच इतिहास पाहावा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून चित्रपटाचा धंदा उभारला, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ नंतर आपले बिऱ्हाड व कार्यशाळा नाशकात आणली. घरातल्या मंडळींनी हातभार लावला, साधने स्वतः जमवली, आणि जगात नवीन असलेली कला आपल्या मातीतल्या कथांसाठी वापरली. ते खऱ्या अर्थाने स्वतंत्र निर्माते होते. पुढे भांडवल आले, भागीदारांशी मतभेद झाले आणि त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. त्यांचे धाडस घ्यावे, आणि त्यांना न मिळालेले सहकाराचे संरक्षण नव्या निर्मात्यांना मिळवून द्यावे. कांद्याच्या भावाचा, पाणीवाटपाचा, कंत्राटी पाळीचा खेळ मराठीत रचला जाईल तेव्हा खेळणाऱ्या मुलाला आपल्या बापाच्या हरण्यामागचे नियम दिसतील. आणि नियम माणसांनी केलेले आहेत हे एकदा दिसले, की ते बदलता येतात हेही दिसू लागते.